वाचक विचारतात: परदेशातल्या कॅथलिक मठात मुक्काम करताना

उन्हाळी युरोपवारीची आखणी सुरू झाली की मठात राहण्याविषयीची पत्रं वाढतात. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं, एवढंच ऐकून बरेच जण विचारतात. स्वस्त पडतं हे खरं, पण मठ हे व्रतस्थांचं राहतं घर आहे आणि त्या घराचा दिवस घंटेवर चालतो. मुक्कामात होणाऱ्या बहुतेक चुका ती घंटा न ओळखल्यामुळे होतात, म्हणून खालच्या उत्तरांत वेळेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी साठीच्या पुढचे. मे महिन्यात फ्रान्सला जाणार आहोत. सोलेमच्या मठातलं ग्रेगोरियन गायन (लॅटिन प्रार्थनांचं जुनं एकसुरी गायन) ऐकायची फार वर्षांची इच्छा आहे. आम्ही हिंदू आहोत. तिथं राहू देतील का? जागा कशी मागायची? (नाशिक)

राहू देतात, पण दोघांना एका छताखाली नाही. सोलेमचा सेंट पीटर मठ बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्ट यांच्या नियमानं राहणाऱ्या, पुरुषांचा आहे. 1010 साली स्थापन झालेला, फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडलेला आणि 1833 मध्ये प्रॉस्पेर गेरांजे यांनी पुन्हा उभा केलेला. पुरुष पाहुण्यांना मठाच्या आत खोली मिळते आणि ते साधूंच्याच भोजनगृहात जेवतात. स्त्रियांना त्या बंद आवारात प्रवेश नाही. त्यांची सोय बाहेरच्या घरात होते. जवळच सेंट सेसिलिया हा 1866 पासूनचा भगिनींचा मठ आहे, गायन तिथंही ग्रेगोरियनच. वेगळं राहणं नको असेल तर साब्ले-सुर-सार्त या गावात हॉटेल घ्या. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आसपास साब्ले येतं आणि तिथून मठ तीनेक किलोमीटरवर आहे. चर्च सगळ्यांना खुलं असतं, तिकीट नसतं. सकाळी 10 ची मिस्सा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाच्या अर्पणाची मुख्य उपासना, आणि संध्याकाळी 5 ची सांजप्रार्थना एवढ्या दोन वेळा गाठल्या तरी गायन मनसोक्त ऐकून होतं. निघण्याआधी त्या आठवड्याच्या वेळा मठाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. सणावारी त्या बदलतात.

धर्माचा अडसर नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत 73 प्रकरणं आहेत. त्यातलं 53वं सगळं पाहुण्यांवर आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आल्यासारखं करावं, असं त्याच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे. आजही प्रत्येक बेनेडिक्टाइन मठात पाहुण्यांसाठी नेमलेला एक साधू असतो. फ्रेंचमध्ये त्याला ‘पेर ओतलिए’ म्हणतात. तुमचं पत्र त्याच्या नावानं जायला हवं.

फोन करू नका, ईमेल करा. फोन ठरावीक वेळीच उचलला जातो. ईमेल सात-आठ ओळींचा पुरे: दोघांची पासपोर्टवरची नावं, पुरुष की स्त्री, येण्याची आणि जाण्याची तारीख, पोचायची अंदाजे वेळ, कोणती भाषा येते, जेवणाचं पथ्य, जिने चढायला त्रास होतो का आणि का यायचं आहे. शेवटच्या मुद्द्याला लोक बिचकतात. ‘आम्ही ख्रिस्ती नाही, गायन ऐकायचं आहे, शांत राहायचं आहे, प्रार्थनांना बसू’ एवढं सरळ लिहिलं की झालं. खोटी भाविकता दाखवू नका. फ्रेंच येत नसेल तर भाषांतराच्या ॲपमधून फ्रेंच मजकूर करून त्याखाली इंग्रजी मजकूर जोडा.

दोन-तीन महिने आधी लिहा. उत्तराला आठ-पंधरा दिवस लागू शकतात, तेवढ्यानंतर एकदाच आठवण करा. मुक्काम साधारण दोन रात्रींपासून आठवड्यापर्यंतचा मिळतो. एका रात्रीसाठी मागितलं तर बरेचदा नकार येतो, कारण एका रात्रीत पाहुणा घंटेला सरावतच नाही आणि चादरी मात्र धुवाव्या लागतात. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा लवकर भरतो. शिवाय प्रत्येक मठाची स्वतःची वार्षिक मौनसाधना असते, त्या दिवसांत अतिथीगृह बंद ठेवतात.

पोचायची वेळ दुपारी उशिरा, पण सांजप्रार्थनेच्या आधीची ठेवा. प्रार्थना चालू असताना द्वारपालही प्रार्थनेत असतो, त्या वेळी घंटी दाबत राहिलात तरी दार उघडणार नाही. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर तर दार सकाळपर्यंत बंदच. गाडी चुकली तर लगेच कळवा; रात्री साडेनऊला मठाच्या दाराशी बॅगा घेऊन उभं राहायची पाळी येते ती न कळवल्यामुळे.

प्रश्न: शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो. मठ तर बुकिंगची पावती देत नाही. काय करायचं? (पुणे)

पत्र मागा. मठाच्या पत्रशीर्षावर तुमचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, मुक्कामाच्या तारखा, मठाचा पत्ता आणि अतिथीप्रमुखाची सही, एवढं असावं. हे सगळं तपशिलात लिहून दिलंत तर त्यांना नक्कल उतरवायची असते, काम सोपं होतं. ‘व्हिसासाठी पत्र पाठवा’ एवढंच कळवलं की ‘ये, स्वागत आहे’ अशी एक ओळ येते आणि ती अर्जाला पुरत नाही. पत्रातल्या तारखा आणि तुमच्या प्रवास आराखड्यातल्या तारखा तंतोतंत जुळायला हव्यात. मधली एक रात्र मोकळी दिसली तरी विचारणा होते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो. विमा किमान 30,000 युरोंचा हवा, तो मठात राहिलात म्हणून चुकत नाही.

प्रश्न: चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी नक्की काय करायचं? कधी उठायचं, कधी बसायचं, प्रसाद घ्यायचा का? चारचौघांत चूक होईल याची धास्ती वाटते. (ठाणे)

धास्ती बाजूला ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसा. पहिल्या ओळीत बसू नका. तिथं बसलं की पुढं कुणी नसतं, मग कुणाचं पाहून उठणार?

आधी दिवसाचा क्रम. पहाटेपूर्वीची जागरण-प्रार्थना, उजाडताना प्रातःप्रार्थना, मग दिवसातल्या तीन छोट्या प्रार्थना, संध्याकाळची सांजप्रार्थना आणि झोपण्यापूर्वीची समापन-प्रार्थना. शिवाय रोजची मिस्सा. छोट्या प्रार्थना दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात, सांजप्रार्थना अर्ध्या तासाची. सगळ्यांना हजर राहायची सक्ती पाहुण्यावर नसते. पहिल्या दिवशी सांजप्रार्थना आणि समापन-प्रार्थना या दोनच घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळची जोडा. पहिल्याच पहाटे चारला उठायच्या हट्टानं विमानप्रवासानं शिणलेले लोक दुपारच्या जेवणाला झोपून राहतात, आणि जेवण चुकलं की ते संध्याकाळपर्यंत चुकतं.

या प्रार्थनांचा गाभा म्हणजे बायबलमधली 150 स्तोत्रं. साधू दोन बाजूंना समोरासमोर बसतात. एक ओवी ही बाजू म्हणते, पुढची ती बाजू. पाहुण्याच्या हातात पुस्तिका दिली असेल तर ओवीच्या मधोमध एक तारांकन दिसेल. मराठी बायबलमधल्या 23व्या स्तोत्रावर ते असं बसेल: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे * मला काही उणे पडणार नाही.’ त्या ताऱ्याशी सगळे थांबतात. पूर्ण एक श्वास, कधी त्याहून किंचित जास्त. नवखा माणूस नेमका इथं फसतो. त्याला वाटतं आवाज संपला, आणि तो दुसरा अर्धा भाग एकटाच म्हणून टाकतो. दगडी छताखाली तो एकटा आवाज घुमत राहतो. उलट, ओवी संपल्यावर समोरची बाजू जवळजवळ लगेच सुरू करते, तिथं थांबायचं नसतं. ओवीच्या पोटात विराम, दोन ओव्यांमध्ये नाही. लांब ओवीत ताऱ्याआधी खंजिरासारखी एक खूण असते, तिथं सूर थोडा खाली येतो आणि छोटासा दम घेतात. पहिले दोन दिवस ओठ बंद ठेवून फक्त हे विराम मोजा. तिसऱ्या दिवशी हळू आवाजात म्हणायला लागलात तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

स्तोत्र संपताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या गौरवाची ओळ येते. त्या वेळी साधू उठून कमरेतून वाकतात. तुम्ही उठून उभे राहिलात तरी पुरे.

मिस्सेत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं ख्रिस्तचरित्र, वाचताना सगळे उभे राहतात, प्रवचनाला बसतात, भाकरी आणि द्राक्षरसाच्या अर्पणाच्या मुख्य क्षणी बरेच जण गुडघे टेकतात. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसा. पण पाय पुढं पसरून किंवा घडी करून बसू नका.

आता प्रसादाविषयी. हा आपल्याकडच्या प्रसादासारखा येईल त्याला वाटायचा पदार्थ नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार ते ख्रिस्तशरीर आहे आणि ते कॅथलिकांनी, तेही आधी तासभर उपवास करून, स्वीकारायचं असतं. सगळी रांग उठून पुढं जाते आणि आपण बसून राहिलो तर अपमान होईल, या भावनेनं आपले लोक उठतात. पुढं धर्मगुरू चकती समोर धरून ‘ख्रिस्ताचं शरीर’ अशा अर्थाचे शब्द म्हणतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर ‘आमेन’ आहे, ते माहीत नसतं, हात नमस्काराचे जोडलेले असतात आणि दोघंही अवघडतात. त्याहून वाईट म्हणजे ती घेऊन घरच्यांसाठी पर्समध्ये ठेवणं. श्रद्धावंतांना त्यानं खरोखर दुःख होतं. तेव्हा जागेवर बसा, शेजाऱ्याला बाहेर पडायला गुडघे बाजूला घ्या, बस. इंग्लंड-अमेरिकेत छातीवर हातांची फुली करून पुढं गेलं की आशीर्वाद देतात. फ्रान्स-इटलीत ही खूण सगळीकडे ओळखतातच असं नाही. प्रसाद न घेण्याचा नियम अहिल्यानगर किंवा कोल्हापूरकडच्या प्रोटेस्टंट वाचकांनाही लागू आहे, ख्रिस्ती असले तरी.

काही बारीक गोष्टी. बूट-चपला बाहेर काढू नका. वेलंकणीला अनवाणी जायची सवय असलेले लोक युरोपातही दाराशी चपला काढतात. मठाची फरशी मे महिन्यातही बर्फासारखी असते. दाराजवळच्या कुंडीतलं पाणी बोटं बुडवून क्रूसाची खूण करण्यासाठी असतं, तीर्थ म्हणून प्यायचं नसतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज उत्तम. पैंजण मात्र खोलीत काढून ठेवा आणि काचेच्या बांगड्या दोन-दोनच ठेवा, कारण त्या शांततेत प्रत्येक हालचाल ऐकू जाते. प्रार्थना चालू असताना फोटो नाही, ध्वनिमुद्रण तर नाहीच.

सराव करायचा असेल तर मुंबईकरांना वसई जवळ आहे. तिथल्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा होते. एका रविवारी मागच्या बाकावर बसून पाहा. मिस्सेचा क्रम जगभर एकच असल्यानं परदेशात भाषा कळली नाही तरी कुठं आहोत ते कळतं.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, आई जैन आहे. मठात जेवणाचं जमेल का? आणि जेवताना बोलायचं नसतं म्हणतात, ते खरं का? (सांगली)

शाकाहाराचं जमतं, जैन पथ्याचं अवघड आहे. बेनेडिक्ट यांच्या नियमात आजारी सोडून इतरांना चतुष्पाद प्राण्यांचं मांस वर्ज्य आहे. हाच नियम पाळणाऱ्या, ट्रॅपिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिस्टर्शियन मठांत आजही साधूंचं जेवण बहुतांशी मांसाशिवायचं असतं. पण पाहुण्यांच्या ताटात मांस असू शकतं आणि मासे, अंडी तर चालतातच. म्हणून ईमेलमध्ये ‘शाकाहारी’ हा शब्द पुरेसा समजू नका. फ्रान्स-स्पेनमध्ये त्यात मासे धरले जातात. ‘मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीज चालतं’ असं एकेक नाव घेऊन लिहा. तरी सूपकडे लक्ष ठेवा; भाज्यांचं दिसणारं सूप बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पारंपरिक चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी चीजही टाळावं.

कांदा, लसूण, बटाटा नको हे स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या साधूला समजावण्यापेक्षा आईंसाठी खाखरे, भाजलेले पोहे, सुकामेवा, मेतकूट घेऊन जावं आणि पाव, फळं, दही तिथलं घ्यावं. खोलीत विजेची शेगडी लावू नका. धूरसूचक घंटा वाजते आणि पहाटेच्या मौनात सगळा मठ अंगणात येतो. ज्यांना स्वतः रांधणंच सोयीचं आहे त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं अतिथीगृह शोधावं. स्कॉटलंडमध्ये एल्गिनजवळ प्लस्कार्डन मठात स्त्रियांसाठीच्या घरात अशी सोय आहे.

मौनाचं म्हणाल तर ते खरं आहे. एक जण उंच जागेवर बसून पुस्तक वाचतो आणि बाकीचे ऐकत जेवतात. नेहमी धार्मिकच पुस्तक असतं असं नाही, इतिहास किंवा चरित्रही असतं. सोलेमच्या परंपरेतल्या मठांत पहिल्या जेवणाला दाराशीच ॲबट, म्हणजे मठाधिपती, पाहुण्याच्या हातावर पाणी घालतो. नियमाच्या 53व्या प्रकरणातली ही प्रथा आहे. गडबडून पाण्याखालून हात काढून घेऊ नका किंवा ते पाणी तोंडाला लावू नका. हात पुढं धरा, टॉवेल देतील तो घ्या, मान लववा.

मग सगळे आपापल्या जागेमागं उभे राहतात, प्रार्थना होते, त्यानंतर बसायचं. भांडी टेबलावरून फिरत येतात. आपल्याला लागेल तेवढं वाढून घेऊन पुढं सरकवा. मीठ हवं असेल तर बोट दाखवून खूण करा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपतं, आणि हळू जेवणाऱ्यांची इथंच फजिती होते. ॲबटनं टेबलावर ठोकलं की सगळे उठतात, ताटात काय राहिलं ते तसंच राहतं. तेव्हा थोडं वाढून घ्या, लवकर सुरू करा.

प्रश्न: पैसे किती द्यायचे? कुणी सांगतच नाही. (सोलापूर)

न सांगण्यात आढेवेढे नसतात. पैसे नाहीत म्हणून पाहुणा परत जाऊ नये, म्हणून रक्कम देणगी ठेवलेली असते. फ्रान्समध्ये तिन्ही जेवणांसह माणशी दिवसाला साधारण 35 ते 55 युरो धरून चला. खोलीत पाकीट असतं आणि बरेचदा सुचवलेला आकडा त्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो. तेवढे तरी द्या, आणि रोख ठेवा, कार्डयंत्र सगळीकडे नसतं. निघायच्या दिवशी पाकीट अतिथीप्रमुखाच्या हाती किंवा पेटीत द्यायचं. पावती हवी असेल तर मागा. घासाघीस करू नका. स्पेन-इटलीत मात्र अनेक ठिकाणी हॉटेलसारखा ठरलेला दर असतो, तो आधीच विचारून घ्यावा.

प्रश्न: रोममध्ये भगिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये खोली घेतली तर मठात राहिल्यासारखं होईल का? (नागपूर)

होणार नाही. रोममधली ही घरं ‘कासा पेर फेरिए’ या नावानं चालतात. व्रतस्थ भगिनी चालवत असल्या तरी पाहुण्याला प्रार्थनेचा क्रम पाळावा लागत नाही, पती-पत्नी एका खोलीत राहतात, मुलंही चालतात. कुटुंबासाठी ही सोय फार चांगली आहे: स्वच्छ, सुरक्षित, साधी. पलंग वेगवेगळे असू शकतात, नाश्त्याला पाव-जॅम-कॉफी, भिंतीवर क्रूस. पासपोर्ट पहिल्याच दिवशी मागतात. पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. शहराचा पर्यटन कर वेगळा, बहुधा रोख.

अडतं ते रात्रीच्या वेळेवर. दार साडेदहा-अकराच्या सुमाराला बंद होतं. रोममध्ये जेवणालाच आठ-साडेआठ वाजतात, त्यामुळे रात्रीची रोषणाई पाहून परतणाऱ्यांची तारांबळ उडते. बुकिंग करतानाच वेळ विचारा आणि किल्ली मिळते का तेही विचारा. पियाझ्झा फार्नेसेजवळचं ब्रिजिटाइन भगिनींचं घर इतिहासाच्या दृष्टीनं मोलाचं आहे: स्वीडनच्या संत ब्रिजिट तिथं राहत आणि 1373 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. या संघात भारतीय भगिनी बऱ्याच आहेत. खोली अर्थातच लवकर भरते.

प्रश्न: माझी आत्या स्पेनमध्ये कार्मेल मठात व्रतस्थ आहे. आम्ही वसईहून पहिल्यांदाच तिला भेटायला जाणार आहोत. काय काळजी घ्यावी? (वसई)

तारीख ठरवण्याआधी मठाच्या मदर प्रायोरेसना, म्हणजे मठप्रमुख भगिनींना, लिहा, आत्यांना नव्हे. कार्मेल हा बंद मठ आहे. अविलाच्या संत तेरेसा यांनी 1562 मध्ये सुरू केलेल्या सुधारणेपासून ही शिस्त चालत आली आहे. भेट बैठकीच्या खोलीत होते आणि अनेक मठांत मध्ये जाळी असते. पलीकडे आत्या, अलीकडे तुम्ही. पहिल्यांदा पाहताना घरच्यांना, विशेषतः म्हाताऱ्या आजी-आजोबांना, हे फार लागतं. त्यांना आधीच नीट समजावून सांगा. मिठी मारता येईल का, लहान मुलांना जवळ देता येईल का, हे मठामठावर अवलंबून आहे. पत्रातच नम्रपणे विचारा, आयत्या वेळी आग्रह करून आत्यांना पेचात टाकू नका.

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आणि नाताळपूर्वीचा आगमनकाळ टाळा, त्या दिवसांत बहुतेक कार्मेल मठांत भेटी नसतात. घंटा झाली की वाक्य अर्धवट सोडून आत्या उठतील, त्यात रागलोभ नाही. परदेशातून येणाऱ्या कुटुंबाला बरेचदा दोन-तीन दिवसांत थोडा थोडा वेळ मिळतो, तेव्हा एकाच दिवसाचा बेत करू नका. राहायची सोय मठाबाहेर गावात पाहा. आत्यांना वर्षानुवर्षं कुपारी किंवा सामवेदी कानावर पडलेली नसेल. घरातल्या बोलीतच बोला.

प्रश्न: मी अमेरिकेत शिकतो. तिथं असं ठिकाण आहे का? (वाचक, ओहायो)

केंटकीमधला गेथसेमनी मठ तुम्हाला गाडीच्या अंतरावर आहे. 1848 मध्ये स्थापन झालेला, ट्रॅपिस्ट, लेखक थॉमस मर्टन 1941 पासून 1968 पर्यंत याच मठाचे साधू होते. मुक्काम सोमवार ते शुक्रवार किंवा शुक्रवार ते सोमवार असा ठरलेला, देणगीवर, आणि मौनाचा. लुईव्हिल विमानतळापासून सुमारे तासभर. बस नाही, गाडी लागतेच. वेळा कडक आहेत. जागरण-प्रार्थना पहाटे सव्वातीनला आणि समापन-प्रार्थना संध्याकाळी साडेसातला. ती चुकवू नका. दिवे मालवतात आणि अंधारात मरियेचं लॅटिन स्तोत्र होतं. त्यानंतर सकाळपर्यंत महामौन. जिन्यात भेटलेल्या माणसाला ‘गुड नाइट’ही म्हणायचं नाही. टाचा वाजणारे बूट, चाकं घरंगळणारी बॅग, फोनचा गजर हे सगळं त्या वेळी भिंतीपलीकडं ऐकू जातं. गजर थरथरणारा लावा, उशीखाली ठेवा.

प्रश्न: धर्मांतराविषयी बोलतील का? घरच्यांना काळजी आहे. (सातारा)

नाही. तुम्ही विचारलंत तर श्रद्धेविषयी मोकळेपणानं बोलतील, आपण होऊन विषय काढत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी काढलेल्या जाहीरनाम्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावानं उल्लेख आहे आणि त्यांत जे सत्य आणि पवित्र आहे ते कॅथलिक चर्च नाकारत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या केरगोनां मठाचे आंरी ल सो 1948 मध्ये भारतात आले, त्यांनी तमिळनाडूत कुळितलैजवळ शांतिवनम आश्रम उभारण्यात वाटा घेतला आणि अभिषिक्तानंद या नावानं उपनिषदांवर लिहिलं. असा वारसा असलेल्या बेनेडिक्टाइनांना भारतीय पाहुण्याशी बोलायला आवडतं. उपनिषदांवर चार प्रश्न येण्याची तयारी ठेवा.

प्रश्न: फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रोझ या कार्थुसियन मठात राहता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

येत नाही. कार्थुसियन साधू पाहुणे घेत नाहीत, 1084 पासून एकांत हाच त्यांचा नेम आहे. मठापासून सुमारे दोन किलोमीटर अलीकडे ला कोररी या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे, तिथं साधूच्या खोलीची मांडणी नीट समजते. पुढं पायी जाऊन बाहेरून भिंत पाहता येते. ड्रोन उडवू नका, हाका मारू नका.

प्रश्न: भेट म्हणून काय न्यावं? पेढे आणि हापूस न्यायचा विचार आहे. (रत्नागिरी)

दोन्ही विमानतळावर अडतील. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप त्यातच आलं. ताज्या आंब्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, जो प्रवाशाकडे नसतो. चहा, वेलदोडे, कोकम, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले काजू चालतात. पाकिटं कारखान्यात बंद केलेली घ्या आणि त्यावर फ्रेंच किंवा इंग्रजीत घटक लिहून चिठ्ठी चिकटवा. शेंगदाणा आणि काजू ठळक लिहा, मठात म्हातारी आणि आजारी माणसं असतात.

एखाद्या साधूशी ओळख झाली म्हणून त्याच्या हाती वेगळी भेट देऊ नका. नियमाच्या 54व्या प्रकरणानुसार ॲबटच्या परवानगीशिवाय त्याला पत्रसुद्धा स्वीकारता येत नाही, आणि तुमच्यासमोर नाही म्हणणं त्याला जड जातं. सगळं अतिथीप्रमुखाकडे द्या, ‘सर्वांसाठी’ असं सांगून. ते निघताना नको, पोचल्याच्या दिवशी द्या. चिक्की जेवणानंतर टेबलावर फिरेल तेव्हा तुम्हीही तिथं असाल.